ब्रिटनमध्ये घरची गाडी लीजवर: जाहिरातीतला आकडा आणि खरा आकडा

नागपुरात गाडी घ्यायची म्हणजे ऑन-रोड किंमत विचारायची, डीलरकडून सीट कव्हर फुकट काढायचे, दसऱ्याचा मुहूर्त गाठायचा आणि एमएच ३१ ची पाटी लागली की थेट टेकडी गणपती. गाडी आपली, आरसी आपल्या नावावर. ब्रिटनला गेल्यावर हे गणित बदलतं. मिहानमधून डेप्युटेशनवर गेलेली मंडळी पहिल्या-दुसऱ्या महिन्यातच विचारू लागतात: "भाऊ, महिन्याला २२९ पौंडात नवी कोरी गाडी भेटून राहिली, घेऊन टाकू काय?" घेऊ नका असं नाही, पण त्या २२९ मध्ये काय नाही ते आधी पाहा.

तिथे ज्याला पर्सनल कॉन्ट्रॅक्ट हायर, म्हणजे पीसीएच म्हणतात, ते सरळ भाडं आहे. दोन, तीन किंवा चार वर्षं गाडी वापरायची आणि परत करायची. ती कधीच तुमची होत नाही. मालकीचा पर्याय हवा असेल तर पीसीपी नावाचा दुसरा प्रकार आहे. त्यात शेवटी ठरलेली मोठी रक्कम भरून गाडी ठेवता येते, पण महिन्याचा हप्ता साधारणपणे चढा असतो. जाहिरातीत दोन्ही शेजारी शेजारी छापतात, त्यामुळे आधी पीसीएच आहे की पीसीपी ते बघायचं.

भाडं कशावर ठरतं हे समजलं की अर्धं काम झालं. तुम्ही गाडीची किंमत भरत नाही, घसारा भरता, आणि त्यावर व्याज. समजा एक गाडी ३०,००० पौंडाची आहे आणि तीन वर्षांनी तिचे १२,००० येतात. घसारा १८,०००. दुसरी ३५,००० ची, पण तीन वर्षांनी १९,००० ला जाते. घसारा १६,०००. शोरूममध्ये महाग असलेली गाडी लीजवर स्वस्त पडते ती अशी. त्यात कंपनीला एखादं मॉडेल खपवायचं असलं की ती फायनान्सवाल्यांना मोठी सूट देते आणि त्या महिन्यात तीच गाडी एकदम खाली येते. म्हणून "मला अमुकच गाडी पाहिजे" म्हणून निघालेला माणूस लीजमध्ये हमखास जास्त भरतो. सीटा किती, डिकी किती, ऑटोमॅटिक की मॅन्युअल हे ठरवा. त्यात बसणारी चार-पाच मॉडेल्स काढा आणि स्वस्त कोणती ते बाजाराला ठरवू द्या.

आता जाहिरात वाचायची कशी ते. तिथे "१२+३५" किंवा "३+३५" असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा म्हणजे सुरुवातीला किती महिन्यांचं भाडं एकदम द्यायचं, दुसरा म्हणजे नंतर किती हप्ते. हे डिपॉझिट नव्हे, परत मिळत नाही. दोन काल्पनिक जाहिराती शेजारी ठेवू.

पहिली: २२९ पौंड, १२+३५, प्रोसेसिंग फी २९९, वर्षाला ५,००० मैल. सुरुवातीचे २,७४८, पुढचे ८,०१५, फी २९९, एकूण ११,०६२. भागिले ३६, म्हणजे महिन्याला ३०७ पौंड.

दुसरी: २७९ पौंड, ३+३५, फी नाही, वर्षाला ८,००० मैल. सुरुवातीचे ८३७, पुढचे ९,७६५, एकूण १०,६०२. भागिले ३६, २९४ पौंड आणि काही पेनी.

म्हणजे २७९ वाली २२९ वालीपेक्षा ४६० पौंडांनी स्वस्त, शिवाय मैल जास्त. आणि पहिल्या गाडीवर तुम्ही प्रत्यक्षात वर्षाला ८,००० मैल फिरलात तर तीन वर्षांत ९,००० मैल जादा होतात. मैलाला ९ पेन्स धरले तर आणखी ८१० पौंड. तीच गाडी मग महिन्याला जवळपास ३३० ला गेली. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम आहे, पण लोक करत नाहीत. ऑफिसात कोणाला भाडं किती पडतं विचारलं तर तोही जाहिरातीतलाच आकडा सांगतो.

आणखी एक खाच. काही किमती धंद्यासाठीच्या असतात आणि त्यापुढे बारीक अक्षरात "व्हॅट वगळून" लिहिलेलं असतं. २५० चे २० टक्के व्हॅटसकट ३०० होतात. घरगुती ग्राहकाची किंमत व्हॅट धरूनच असते. रोड टॅक्स बहुतेक करारात धरलेला असतो. विमा मात्र तुमचा, आणि तोही फुल्ली कॉम्प्रिहेन्सिव्हच लागतो. लीजवर सही करण्याआधी त्याच मॉडेलचं विम्याचं कोटेशन काढा. नव्याने आलेल्या माणसाला विमा महाग पडतो आणि भारतातला नो क्लेम बोनस तिथे क्वचितच चालतो.

मैलांचा अंदाज नागपूरच्या मापाने घ्या. वर्षाला ८,००० मैल म्हणजे साधारण १२,९०० किलोमीटर, महिन्याला हजाराच्या वर. नागपूर ते वर्धा जाऊन येऊन महिन्यातून सात वेळा, एवढं धरा. रोज गाडीने ऑफिसला जाणार नसाल तर हे पुष्कळ होतं. हिशेब बहुधा शेवटी एकूण मैलांवर होतो, वर्षावर नाही, त्यामुळे एका वर्षी स्कॉटलंडला चक्कर मारली म्हणून घाबरायचं कारण नाही. मैल सुरुवातीलाच विकत घेणं सहसा स्वस्त पडतं. न वापरलेल्या मैलांचे पैसे मात्र बहुतेक ठिकाणी परत येत नाहीत, म्हणून उगाच १५,००० ही लिहू नका.

लीज कोणाला मिळते, हा नव्या माणसाचा खरा अडसर. भारतीय लायसन्सवर ब्रिटनचे रहिवासी झाल्यापासून १२ महिनेच गाडी चालवता येते. ते बदलून मिळत नाही, परीक्षा द्यावीच लागते. आधी प्रोव्हिजनल (शिकाऊ) लायसन्स, मग थिअरी: ५० पैकी ४३ प्रश्न बरोबर, शिवाय हॅझर्ड पर्सेप्शनमध्ये, म्हणजे व्हिडिओत रस्त्यावरचा धोका ओळखण्याच्या चाचणीत, ७५ पैकी ४४ गुण. मग रस्त्यावरची परीक्षा. तिची तारीख मिळायला कित्येक महिने लागतात, म्हणून प्रोव्हिजनल पहिल्याच महिन्यात काढून टाका. परीक्षा ऑटोमॅटिकवर दिली तर मॅन्युअल चालवता येत नाही आणि लीजच्या यादीतल्या काही स्वस्त गाड्या हातातून जातात.

दुसरा अडसर क्रेडिट. कंपन्या साधारण तीन वर्षांचे पत्ते मागतात आणि तुमच्याकडे तिथला पत्ता असतो सहा महिन्यांचा. इथे एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते: भारत राष्ट्रकुलात आहे, त्यामुळे तिथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदार यादीत नाव नोंदवता येतं. ते नाव क्रेडिट फाइलवर दिसतं आणि पत्ता पक्का धरला जातो. नोंदणी स्थानिक कौन्सिलकडे, ऑनलाइन, फुकट. सोबत मोबाइलचं बिल आणि एखादं क्रेडिट कार्ड वेळेवर भरत राहा. आणि चार ब्रोकरांकडे एकाच आठवड्यात अर्ज टाकू नका. किंमत कितीही ठिकाणी विचारा, त्याने काही होत नाही. पूर्ण अर्ज केला की मात्र फाइलवर खूण उमटते, आणि अशा चार खुणा पाहून पाचवा नाही म्हणतो.

डेप्युटेशन दोन वर्षांहून कमी असेल तर आमचं मत सरळ आहे: लीजच्या भानगडीत पडू नका, जुनी गाडी घ्या आणि जाताना विका. कारण मध्येच करार मोडला तर उरलेल्या हप्त्यांच्या निम्मे, काही ठिकाणी त्याहूनही जास्त मागतात. पीसीपीमध्ये एकूण देण्याची निम्मी रक्कम भरली की गाडी परत करून मोकळं होण्याचा कायदेशीर हक्क असतो. पीसीएचमध्ये तो नाही. कंपनीने उद्या परत मिहानला बोलावलं तर हे वाक्य आठवेल.

भाव शोधताना ब्रोकरचं नाव एफसीए या तिथल्या वित्तीय नियामकाच्या रजिस्टरवर आहे का आणि तो बीव्हीआरएलए या, गाड्या भाड्याने देणाऱ्यांच्या, संघटनेचा सभासद आहे का, हे दोन्ही तपासा. गाडी ब्रोकरची नसते. पैसा आयव्हेन्स, लेक्स ऑटोलीज, आर्व्हलसारख्या कंपन्यांचा असतो. एकच कंपनी, एकच गाडी, आणि दोन ब्रोकरांकडे दोन भाव हे नेहमीचं आहे. फरक कमिशनचा. कमिशन किती घेता, हे विचारायला लाजू नका. १ मार्च आणि १ सप्टेंबरला नव्या नंबरपाट्या येतात, आणि तिमाहीअखेर डीलरला टार्गेट गाठायचं असतं. तयार स्टॉकमधल्या गाड्यांवर तेव्हा भाव उतरतात. रंग आणि सनरूफचा हट्ट सोडणाऱ्याचा त्यात फायदा.

नोकरीच्या ठिकाणी सॅलरी सॅक्रिफाइस (पगारातून परस्पर हप्ता कापण्याची) योजना असेल आणि तुम्हाला इलेक्ट्रिक गाडी चालणार असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी तीच पाहा. हप्ता कर कापण्याआधीच्या पगारातून जातो आणि विमा, सर्व्हिसिंग, टायर बहुधा त्यातच येतात. बदल्यात बेनिफिट-इन-काइंड, म्हणजे नोकरीतून मिळालेल्या सोयीवरचा कर लागतो. त्यासाठी गाडीच्या छापील किमतीचा ठरावीक हिस्सा उत्पन्न धरतात: इलेक्ट्रिकला २०२५-२६ मध्ये ३ टक्के, २०२६-२७ मध्ये ४, २०२७-२८ मध्ये ५. छापील किंमत ३६,००० पौंड धरली तर ४ टक्के म्हणजे १,४४०, आणि ४० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये त्यावर कर वर्षाला ५७६, महिन्याला ४८ पौंड. पगार व्हिसाच्या किमान मर्यादेच्या आसपास असेल तर मात्र एचआरला लेखी विचारल्याशिवाय हात घालू नका.

डिकीचं माप उन्हाळ्यात आईबाबा आले की कळतं. २३ किलोच्या चार बॅगा, वर दोन हँडबॅगा, आणि मागे मुलांच्या सीटा. तिथे १२ वर्षं किंवा १३५ सेंटिमीटर, जे आधी होईल तोवर चाइल्ड सीट लागते, म्हणजे मागे दोन सीटा असतील तर मधल्या जागेत आजीला बसता येईलच असं नाही. एसयूव्हीच्या मोहापेक्षा इस्टेट, म्हणजे लांब डिकीची स्टेशन वॅगन बघा. स्कोडा ऑक्टाव्हिया इस्टेटची डिकी ६४० लिटर आहे, बऱ्याच उंच दिसणाऱ्या गाड्यांपेक्षा मोठी.

गाडी घरी आली की दिवसाउजेडी, कोरडी असताना चारही बाजूंनी पाहा आणि ओरखडा असेल तर डिलिव्हरीच्या कागदावर लिहूनच सही करा. पूजा जरूर करा. लिंबू चाकाखाली, नारळ अलॉय व्हीलपासून लांब, आणि कुंकवाचं स्वस्तिक बॉनेटवर नको, नारळावर काढा. डॅशबोर्डवरचा गणपती डबल टेपने चिकटवू नका, निघताना प्लास्टिकचा पापुद्रा घेऊन निघतो.

परत देताना मोजमाप बीव्हीआरएलएच्या नियमांनी होतं. २५ मिलिमीटरपर्यंतचा, प्रायमर न दिसणारा ओरखडा माफ. पाकिटात राहिलेलं दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, ते ठेवून पाहा. १५ मिलिमीटरपर्यंतचे, रंग न उडालेले पोचे एका पॅनलवर दोनपर्यंत चालतात. अलॉयवर फुटपाथच्या कडेने घासल्याचं एकूण ५० मिलिमीटरपर्यंत, आणि जास्तीत जास्त बिलं निघतात ती इथेच. टायरची खोली किमान १.६ मिलिमीटर. सर्व्हिस वेळापत्रकाप्रमाणे झाल्याची नोंद, दुसरी किल्ली, चार्जिंग केबल यातलं काही नसेल तर त्याचे पैसे वेगळे. सावजी रस्सा डब्यातून सीटवर सांडला असेल तर तपासणीच्या आठवडाभर आधीच व्हॅलेटिंगवाल्याकडे, म्हणजे गाडी आतून-बाहेरून साफ करून देणाऱ्याकडे न्या. हळद आणि तेल एकत्र मुरलं की तो डाग निघायला एक फेरी पुरत नाही.