नालेच्या आकाराची किडनी आणि फाटलेली महाधमनी

सांगलीत रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करताना छातीदुखीचे रुग्ण रोजच सीटीसाठी येतात; पण मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणाऱ्या त्या हमालाचा स्कॅन मी विसरू शकलेलो नाही. पोते पाठीवर घेताना खांद्यांच्या मधोमध एकाएकी कळ उठली होती. "आत काहीतरी टरकन फाटलं बघा, डॉक्टर," असे ते टेबलावर झोपतानाही सांगत होते. रक्तदाबाच्या गोळ्या त्यांनी कधीच सोडून दिल्या होत्या. वरचा रक्तदाब १९६ होता, ईसीजीमध्ये हृदयविकाराच्या झटक्याची खूण नव्हती आणि डाव्या मांडीतली नाडी मंद लागत होती. त्या मंद नाडीमुळेच महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य धमनी, फाटल्याची शंका येऊन आमच्या फिजिशियनांनी गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन न देता आधी सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन, करायला सांगितले. फाटलेल्या महाधमनीत ते इंजेक्शन जिवावर बेतू शकते.

डाव्या हाताची धमनी निघते त्याच्या जरा पुढे महाधमनीचे आतले अस्तर चिरले होते. त्या चिरेतून शिरलेल्या रक्ताने भिंतीतच दुसरी, खोटी वाट तयार केली होती आणि ती डाव्या मांडीकडच्या धमनीपर्यंत उतरली होती. हृदयालगतचा भाग शाबूत असल्याने हे स्टॅनफर्ड टाइप बी डिसेक्शन, म्हणजे हृदयापासून पुढच्या भागातले महाधमनीचे फाटणे, होते.

स्कॅनमधली पोटाची चित्रे पाहताना मात्र मी थबकलो. दोन्ही किडन्यांची खालची टोके महाधमनीच्या पुढून एकमेकींना जोडलेली होती. साधारण पाचशेत एकाला अशी हॉर्सशू, म्हणजे घोड्याच्या नालेसारखी, किडनी असते. गर्भात किडन्या ओटीपोटातून वर सरकतात, पण जुळलेल्या असल्या की त्यांचा जोड मोठ्या आतड्याला रक्त देणाऱ्या एका धमनीखाली अडकतो आणि त्या खालीच राहतात. शिवाय अशा किडनीला रक्त पुरवणाऱ्या धमन्या किती आणि कुठून निघतील, याचा नेम नसतो.

इथे त्या चार होत्या. एकेकीचा उगम मी माउस हळूहळू फिरवत, पुन्हा पुन्हा मागे येत शोधला. तीन खऱ्या वाटेतून निघत होत्या; चौथी, डाव्या खालच्या भागाची, खोट्या वाटेतून. तो भाग पडद्यावर फिकट दिसत होता. रक्तपुरवठा तुटला आहे की रक्त नुसते उशिरा पोहोचते आहे, हे ठरल्याशिवाय अहवाल लिहिणे मला योग्य वाटले नाही. म्हणून थोड्या वेळाने त्या भागाचा पुन्हा स्कॅन घेतला, तेव्हा तोच भाग उजळला.

शल्यविशारदांचा फोन आला तेव्हा त्यांना हेच हवे होते, कारण पुढे पोटात स्टेंट घालायची वेळ आलीच, तर कोणती धमनी झाकली जाईल हे आधी माहीत असावे लागते, आणि पोट उघडायचे तर किडनीचा जोड नेमका महाधमनीवर आडवा पडलेला असतो. तूर्त वरचा रक्तदाब १२०च्या खाली ठेवायचा, नाडी ६०च्या आसपास आणायची आणि दर तासाला लघवी मोजायची, असे ठरले.

रुग्णाच्या पत्नीने किडनीबद्दल विचारले, "जन्मापासून असं होतं, तर आजवर कळलं कसं नाही?" बहुतेकांना आयुष्यभर काही त्रासच होत नाही, एवढेच मी त्यांना सांगू शकलो.

सहाव्या दिवशी पुन्हा स्कॅन झाला. मी सर्वांत आधी चौथी धमनी पाहिली. ती वाहत होती.