पुंगळी नंतर, आधी अंश मोजा

जुनी चेतक किंवा वेस्पा कुणी नीट करायला घेतली, इंजिन बांधून झालं, रंग झाला, की मला हमखास फोन येतो. "दादा, कुठली पुंगळी बसवू?" पुंगळी म्हणजे एक्झॉस्टचा पाईप. माझं उत्तर ठरलेलं आहे. बॅरलचं (सिलिंडरचं) एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे जळका गॅस बाहेर पडायचं भोक, इंजिनाच्या एका फेऱ्यात किती अंश उघडं राहतं ते मोजून सांग, मग पुंगळीचं बोलू. पलीकडे जरा शांतता पसरते. पोरानं आधीच नेटवर एखादा चकचकीत एक्स्पान्शन पाईप (फुगलेल्या पोटाची रेसिंगची पुंगळी) बघून ठेवलेला असतो. पण टू-स्ट्रोकमध्ये पुंगळी इंजिनाबरोबर श्वास घेते. दोघांचं जमलं नाही तर होती ती गाडीही बिघडते. म्हणून हे एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

आधी कंपनीच्या सायलेन्सरबद्दल, कारण त्याला उगाच नावं ठेवली जातात. चेतक 1972 पासून आकुर्डीहून बाहेर पडू लागली. इंजिन 145.45 सीसीचं, बोअर (सिलिंडरचा व्यास) 57 मिमी आणि स्ट्रोकही (पिस्टनची चाल) 57 मिमी. ताकद साडेसात हॉर्सपॉवरच्या आसपास, तीही 5500 आरपीएमला. मागे बायको, पुढे उभं पोर, हँडलला भाजीची पिशवी, आणि तरी तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढला पाहिजे, या हिशेबानं ते इंजिन आणि तो डबा जुळवलेला होता. बॅरलला हात लावणार नसाल तर तो डबा काढू नका, असंच मी सांगतो. फक्त आतून साफ असू द्या. वर्षानुवर्षं घट्ट ऑइल जाळून आत कार्बनचा इतका थर बसतो की गाडी पन्नासच्या पुढे जातच नाही. "इंजिन थकलंय" म्हणून लोक बोअर करायला नेतात. डबा कॉस्टिक सोड्यात भिजवून, आतला कार्बन सुटल्यावर पाण्यानं धुऊन वाळवला की तीच गाडी पुन्हा पळते.

आता पुंगळी आत नेमकं काय करते ते. एक्झॉस्ट पोर्ट उघडलं की दाबाची एक लाट पाईपात सुटते. पाईप जिथे हळूहळू रुंद होतो, म्हणजे पहिल्या शंकूत, तिथून ओढ निर्माण करणारी लाट सिलिंडरकडे परत येते. ती जळका गॅस बाहेर खेचते आणि ट्रान्सफर पोर्टमधून (आत येण्याच्या भोकांतून) पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण वर यायला मदत करते. ताजं मिश्रण खेचलं जाताना थोडं पाईपातही सांडतं. मूळ लाट पुढे जाऊन दुसऱ्या, निमुळत्या शंकूवर आपटते आणि दाब घेऊन परत येते. ती पोर्ट बंद होण्याच्या आत पोहोचली तर सांडलेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. उशिरा आली तर पिस्टननं दार लावलेलं असतं. सगळं गणित या वेळेचं आहे.

हे शास्त्र ज्यानं रेसिंगमध्ये पक्कं केलं तो पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीचा वाल्टर काडेन. 1961 साली त्याच्या 125 सीसीच्या इंजिनानं 25 हॉर्सपॉवर दिली, म्हणजे लिटरमागे 200. आपली चेतक त्याच हिशेबानं लिटरमागे पन्नासच्या घरात. त्याच वर्षी त्याचा रायडर एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या ग्रांप्रीतून पश्चिमेकडे पळाला आणि ही विद्या सुझुकीकडे घेऊन गेला. 1962 चं 50 सीसीचं विश्वविजेतेपद सुझुकीवर डेग्नरनंच जिंकलं. आज कुठल्याही टू-स्ट्रोकच्या खाली फुगलेल्या पोटाचा पाईप दिसला की मला काडेन आठवतो. पक्षांतराच्या त्या गोष्टीत त्याच्या वाट्याला फार थोडं श्रेय आलं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता मोजमाप. फ्लायव्हीलवर डिग्री व्हील, म्हणजे अंशांच्या खुणांची चकती, लावायचं. कागदावर छापून पुठ्ठ्यावर चिकटवलेलंही चालतं. प्लगच्या भोकातून पिस्टन अडवणारा एक जुना प्लग घालायचा, फ्लायव्हील दोन्ही बाजूंनी टेकेपर्यंत फिरवायचं आणि दोन आकड्यांचा मध्य काढायचा. तो खरा टीडीसी, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतानाची जागा. नुसत्या बोटाच्या अंदाजानं घेतलेला टीडीसी तीन-चार अंश सहज चुकतो. मग एक्झॉस्ट पोर्टची वरची कड उघडताना आणि बंद होताना आकडा बघायचा. माझ्या बॅरलचं एक्झॉस्ट 156 अंश निघालं, ट्रान्सफर 112. दोन्हीतल्या फरकाचा निम्मा, म्हणजे 22 अंश, इतका वेळ जळक्या गॅसला ट्रान्सफर उघडण्याआधी बाहेर पडायला मिळतो.

मला घाटात जीव हवा होता आणि हायवेवर थोडा दम. त्यामुळे पोर्ट घासण्याऐवजी अख्खं बॅरल दीड मिलिमीटर वर उचलायचं ठरवलं, म्हणजे एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर दोन्ही जास्त अंश उघडी राहतात. या कामासाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरसारखी दुसरी जागा नाही. ऑइल इंजिनांवर हात बसलेले लेथवाले तिथे गल्लोगल्ली आहेत. मी ज्यांच्याकडे जातो त्यांना सगळे अण्णाच म्हणतात. बॅरल हातात घेऊन त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "उचलायलायस खरं, वरनं किती घ्यायचा त्ये मोजलायस का?"

प्रश्न अगदी मर्मावरचा होता. बॅरल उचललं की हेड आणि पिस्टनमधली फट तेवढीच वाढते आणि कॉम्प्रेशन पडतं. ती फट, स्क्विश, मोजायला सोल्डरची तार लागते. एकेरी तार पुरत नाही म्हणून अण्णांनी दोन पदरी पीळ दिला. गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनेच्या) रेषेत दोन्ही बाजूंना ग्रीसच्या टिपक्यावर पिस्टनच्या माथ्याला ती चिकटवली आणि हेड बसवून नट कसले. पिनच्या रेषेतच का, तर आडव्या बाजूला पिस्टन डुलतो आणि माप खोटं येतं. फ्लायव्हील हातानं सावकाश एक फेरा फिरवलं. तार दबताना मनगटाला किंचित अडकल्यासारखं लागतं. हेड काढल्यावर तारेचं चपटं टोक व्हर्नियरमध्ये धरलं. बॅरल न उचलता 2.1 मिमी. खाली दीड मिमीची अ‍ॅल्युमिनियमची चकती घातल्यावर ते 3.6 होणार. मला दीड हवं होतं. अण्णांनी थोडं बॅरलच्या माथ्यावरून घेतलं, थोडं हेडच्या बसकेवरून, आणि प्रत्येक कटानंतर पुन्हा तार.

पुन्हा डिग्री व्हील लावलं तेव्हा एक्झॉस्ट साडे एकशेबासष्ट आणि ट्रान्सफर 120 आलं. नीट बघा, बॅरल सारखंच वर गेलं, पण एक्झॉस्ट साडेसहा अंशांनी वाढलं आणि ट्रान्सफर आठनं. पिस्टन खाली गेल्यावर त्याची चाल मंदावते, तिथे तेवढ्याच उंचीला जास्त अंश पडतात. त्यामुळे मधली 22 अंशांची सवड 21 च्या आसपास आली. चकती आणखी जाड घातली तर ती आणखी आटत जाते. मग एक्झॉस्टची वरची कड वेगळी घासावी लागते. पोर्ट रुंद करायचा मोह झाला तरी बोअरच्या सत्तर टक्क्यांपुढे, म्हणजे 40 मिमीपुढे जाऊ नका. रिंग पोर्टात फुगून अडकते आणि मग बॅरल, पिस्टन, दोन्ही जातात.

आता कुठे पुंगळीची पाळी. लांबी काढायला एक्झॉस्टचे अंश गुणिले पाईपातला आवाजाचा वेग गुणिले 83.3, भागिले ज्या आरपीएमला जोर हवा तो आकडा. उत्तर मिलिमीटरमध्ये मिळतं. गरम गॅसमध्ये वेग सेकंदाला 500 मीटर धरा. माझे साडे एकशेबासष्ट अंश आणि 6500 आरपीएम घेतले तर लांबी 1041 मिमी येते. पिस्टनच्या तोंडापासून निमुळत्या शंकूच्या मध्यापर्यंतचं हे अंतर. तेच बॅरल ठेवून 8500 ला सूर लावायचा म्हटलं तर 796. बाजारातले बरेच चकचकीत पाईप या दुसऱ्या घरातले असतात, कारण ते रेसिंगचे सिलिंडर डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. तसला पाईप साध्या बॅरलला लावला की 6000 पर्यंत गाडी मेल्यासारखी चालते, आणि पुढे पाईप जागा होतो तेव्हा पोर्टच त्याला साथ देत नाहीत.

त्यात आपला चार गिअरचा डबा. तिसऱ्यावरून चौथा टाकला की इंजिन दीड हजाराच्या आसपास फेरे खाली येतं. पाईपाचा जोर हजारभर फेऱ्यांपुरताच असेल तर चौथा टाकताच गाडी त्याच्या बाहेर पडते. कोकणातून गगनबावड्याला येणारा करूळ घाट चढताना मग तिसऱ्यात किंचाळत जायचं किंवा चौथ्यात धापा टाकत. म्हणून माझ्या पाईपाचे दोन्ही शंकू मी मुद्दाम सौम्य उताराचे करून घेतले. टोकाची ताकद थोडी कमी मिळते, पण पट्टा रुंद होतो. ज्यांना पत्रा कापून, गोल करून, वेल्डिंग करायचा उद्योग नको त्यांनी बॉक्स पाईप घ्यावा. बाहेरून कंपनीच्या डब्यासारखा, आत शंकू. जर्मनीत वेस्पासाठी ते चांगले बनतात. जमिनीपासून अंतरही सुरक्षित राहतं. पोट खाली लोंबणारा पाईप आपल्याकडच्या गतिरोधकांवर फार टिकत नाही.

आवाजाचं एवढंच सांगतो: टोकाच्या नळीला ग्लासवूल भरलेला सायलेन्सर हवाच. कानठळ्या बसवणाऱ्या पुंगळ्यांमुळे पोलिसांनी रोडरोलर फिरवायला घेतला आणि नीट काम करणारेही त्यात भरडले जातात. गाडीत असे बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, तेही वाचून ठेवा.

पाईपाचं तोंड आणि बॅरलचं तोंड जुळवणं हे काम बहुतेक जण सोडूनच देतात. बॅरलच्या तोंडाचा आतला व्यास मोजा, पाईपाचा मोजा. पाईप किंचित मोठा असेल तर चालतं. लहान असेल तर गॅस त्या पायरीवर आपटतो आणि लाट तिथेच विस्कटते. क्लॅम्पपाशी काळं ऑइल ओघळलेलं दिसलं तर सांधा गळतोय, तो बसवल्याशिवाय कार्ब्युरेटरच्या जेटला हात लावू नका.

जेटिंग, म्हणजे पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारे जेट निवडणं, सगळ्यात शेवटी. माझ्या स्पॅको 20/20 कार्ब्युरेटरमध्ये एअर जेट 160, इमल्शन ट्यूब बीई3 आणि मेन जेट 100 होता. पाईपानंतर आधी मोठा जेट घालायचा आणि मग खाली यायचं, उलट कधीच नाही. गगनबावडा रस्त्यावर कळे गावाच्या पुढे मोकळा रस्ता मिळाला की पूर्ण थ्रॉटलवर थोडं अंतर जायचं, तसंच इग्निशन बंद करून क्लच दाबायचा आणि गाडी कडेला थांबवून प्लग काढायचा. आतल्या पोर्सिलेनच्या बुडाशी विटकरी कडं हवं. पांढरं असेल तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, परत मोठ्या जेटकडे या.

आणि हे कोल्हापूरचं जेटिंग साडेपाचशे मीटर उंचीवरचं आहे. घाट उतरून मालवणला गेलात की हवा दाट होते, मिश्रण पातळ पडतं. शिवाय लांब उतारावर थ्रॉटल बंद ठेवून इंजिनावर ब्रेक घेतला तर पेट्रोलबरोबर जाणारं ऑइलही थांबतं आणि पिस्टन पकडतो. उतारावर अधूनमधून क्लच दाबून थ्रॉटल द्या, पेट्रोलच्या लिटरला 20 मिली एफडी दर्जाचं टू-स्ट्रोक ऑइल घाला, आणि कोकणात जाणार असाल तर डिकीत एक नंबर मोठा जेट आणि तो बदलायला बारीक स्क्रूड्रायव्हर ठेवा. गगनबावड्यात चहाला थांबाल तेव्हाच तो बदलून घ्या. इंजिन तोवर जरा निवलेलं असतं आणि दहा मिनिटांत काम होतं.