सोळा बाय सोळातला माळढोक

रविवार, रात्री उशिरा

सोलापुरातल्या पक्षी बघणाऱ्या आमच्या टोळक्याच्या वेबसाइटला चिन्ह हवं होतं. ब्राउझरच्या टॅबवर नावाशेजारी बसतं ते इवलंसं चित्र. 'पाच मिनिटांचं काम आहे' म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. ग्रुपवर लगेच सूचना सुरू: सिद्धेश्वराचं देऊळ घ्या, तळं घ्या, नंदीध्वज घ्या, चादर तर हवीच. एकाने सगळंच एकत्र बसवायला सांगितलं. जागा किती, तर सोळा बाय सोळा, म्हणजे 256 ठिपके. गड्डा यात्राच भरवायची बाकी होती त्यात.

मी माळढोकावर अडून बसलो. बार्शी रोडवरच्या नान्नजचं अभयारण्य 1979 मध्ये त्याच्यासाठीच झालं, आणि आता तिथे तो दिसला की बातमी होते. टॅबवर तरी रोज दिसू दे.

मोठं चित्र झकास जमलं होतं. काळी टोपी, लांब पांढरी मान, छातीवर काळा पट्टा, तपकिरी पाठ, लांब पाय. लहान केलं आणि झाली कोंबडी. चित्र आकसताना बारीक रेघ नेमकी एका ठिपक्यावर पडत नाही, दोघांच्या मध्ये पडते, मग दोन्ही ठिपके अर्धवट करडे होतात. छातीचा पट्टा तर पार विरून गेला.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे काका चहाला आले. पूर्व भागातल्या कारखान्यात जकार्डच्या, म्हणजे विणतानाच नक्षी उमटवणाऱ्या मागावरच्या, चादरींची डिझाइनं काढण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. स्क्रीनकडे बघून म्हणाले, "हे काय बे? मोठं काढून लहान करतात का कुठं? लहानच काढायचं." आणि चौकटीची वही मागितली.

ग्राफची एक चौकट म्हणजे ताणा (उभा धागा) आणि बाणा (आडवा धागा) जिथे एकमेकांना ओलांडतात ती एक जागा. चौकट भरली की मागाच्या कार्डाला तिथे भोक, भोक आलं की तो उभा धागा उचलला जातो. मोराच्या पिसाऱ्याचा बाक त्यांनी पेन्सिलीने भरून दाखवला: तीन चौकटी आडव्या, एक पायरी वर, मग दोन, परत पायरी, मग एक. एकदम वळवलं की बाक मोडतो. धागा लांबवर बांधणीशिवाय सोडला तर वापरताना अडकून ओढला जातो, हीही एक चिंता त्यांना असायची. ती भानगड मला नाही. पण एकटी चौकट दुरून दिसत नाही, हे त्यांचं म्हणणं मी उचललं.

मग कापाकापी. चोचीला दोन ठिपके, टोपीला दोन ओळी, मान तीन ठिपके रुंद. छातीचा पट्टा खऱ्यापेक्षा बराच ठसठशीत ठेवला, कारण नराची ती खूण. मादीला पट्टा धड नसतोच. पिसांवरची नक्षी रद्द. डोळा काकांना हवाच होता, पण बसेना.

रंगाने वेगळाच ताप दिला. पांढरी मान पांढऱ्या टॅबवर गायब, डार्क मोडमध्ये काळी टोपी गायब. शेवटी मागे वाळल्या गवताच्या रंगाचा भरीव चौकोन टाकला. दोन्हीकडे चालला.

राहिले पाय. त्यांना ओळी द्यायच्या तर मान आखूड होते, आणि मान आखूड झाली की परत कोंबडी. पाय उडवले, तळाला गडद गवताच्या दोन ओळी भरल्या. ग्रुपवर टाकल्याबरोबर पहिला प्रश्न आला, "पाय कुठायत?"

गवतात, म्हटलं. नान्नजला तरी धड दिसतात का?

मोबाइलच्या होम स्क्रीनसाठी 180 बाय 180 चं वेगळं चित्र लागतं, त्यात पाय काढीन. डोळा मागायला काका येतीलच.