बेंगालेन्सिस जोडी: गोगलगाय आणि घूस, महिना दुसरा

मंडळी, प्रकल्प अजून जिवंत आहे. नवीन लोकांसाठी: कर्जतकडे मामाच्या भातशेतात दोन प्राणी आहेत, ज्यांच्या शास्त्रीय नावाचं शेपूट सेम. गोड्या पाण्यातली गोगलगाय फायलोपॅलुडिना बेंगालेन्सिस (जुन्या पुस्तकांत बेलामिया), आणि बांधातली छोटी घूस, बँडिकोटा बेंगालेन्सिस. निव्वळ नावाच्या गमतीवरून सुरू केलं, म्हणलं साम्य काय डोंबल असणार.

तर गोगलगायी. पाच आणून बाल्कनीतल्या टबात सोडल्या, खाली शेतातलाच चिखल. पंधरा दिवस अंडी शोधत बसलो आणि मंगळवारी बघतो तर टबाच्या कडेला वाटाण्याएवढी तीन पिल्लं, शंखासकट! अंडी आईच्या पोटातच फुटतात, बाहेर येतं ते तयार पिल्लू, म्हणजे इथे ही घुशीच्याच पंगतीत. नर ओळखायची ट्रिक पण जमली, त्याचं उजवं शिंग डाव्यापेक्षा आखूड नि जाड असतं, मिलनाचा अवयव तोच. भिंगातून एकदा दिसलं की परत चुकत नाही.

घुशीचा कारभार सगळा रात्रीचा. बिळापाशी चुलीतली राख चाळून टाकली, पहिल्या रात्री दवाने लगदा. दुसऱ्यांदा पहाटे उठून टाकली तेव्हा ठसे मिळाले, पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला पाच. बिळाचं तोंड मात्र मातीने बंद. मी म्हणलं गेली वाटतं, तर मामा म्हणाला, "अरे येड्या, ओली ताजी माती आहे ना, म्हणजे आत बसून दार लावलंय." पलीकडचं एक बीळ त्याने खणलं तर आत लोंब्यांचा ढीग, वजन केलं तर सव्वा किलो. मामाचा चेहरा सांगत नाही.

दार म्हणजे खरं साम्य इथे निघालं, आणि तेही माझ्या गाढवपणामुळे. दिवाळीत चार दिवस घरी नव्हतो, टबातलं पाणी आटलं. सगळ्या चिखलात रुतलेल्या, पायावरचं झाकण ओढून गच्च बंद. मेल्या म्हणून टाकणारच होतो, पण आधी पाणी घातलं, चहा होईपर्यंत दोन बाहेर आल्या, संध्याकाळपर्यंत चार. पाचवीला वास मारत होता. घुशीला रोज माती उकरून दार बनवावं लागतं, ही आपलं पाठीमागे लावूनच फिरते.

पिल्लांपैकी दोन सापडली, तिसरं चिखलात शोधतोय.