तळटिपेतला डॉक्टर

३० जानेवारी, रात्री पावणेअकरा

आज सकाळी ११ वाजता कॉलेजात दोन मिनिटं मौन पाळलं, गांधीजींसाठी. मान खाली घालून उभी होते, पण मनात दुसरीच ३० जानेवारी होती, १९४४ ची. अंदमानात पोर्ट ब्लेअरजवळ हम्फ्रेगंज नावाचं गाव आहे. युद्धात ही बेटं जपानच्या ताब्यात होती. तिथे त्या दिवशी जपान्यांनी ४४ माणसांना हेर ठरवून गोळ्या घातल्या. सगळी आपली माणसं, त्यातले बरेच जण इंडियन इंडिपेंडन्स लीगचे. म्हणजे ज्या संघटनेवर आझाद हिंद सरकार उभं होतं, तिचेच. आणि बरोबर महिनाभर आधी, ३० डिसेंबर १९४३ ला, तिथून जवळच पोर्ट ब्लेअरच्या जिमखाना मैदानावर नेताजींनी तिरंगा फडकवला होता.

हा एक महिना माझ्या मानगुटीवर बसलाय.

एम. ए. ला विषय निवडायची वेळ आली तेव्हा मला क्षणभरही विचार करावा लागला नव्हता. आझाद हिंद सरकार. सहावीत असताना गॅदरिंगमध्ये मी झाशीची राणी रेजिमेंटच्या कॅप्टन लक्ष्मी झाले होते, दादाची एनसीसीची टोपी घालून. तेव्हापासून हे वेड आहे. आणि नागपुरात महाल भागातल्या आमच्या घरात तर ते माझ्याही आधीपासून आहे. माजघरात देवांच्या फळीशेजारी नेताजींचा लष्करी वेशातला फोटो आहे. काच एका कोपऱ्यात तडकलेली, आतल्या कागदाला तपकिरी डाग पडलेले, पण दर २३ जानेवारीला, नेताजींच्या जयंतीला, आबाजी स्वतःच्या हाताने झेंडूचा हार घालतात. स्टुलावर चढू नका म्हटलं तरी ऐकत नाहीत. वय ८८.

या फोटोमागे एक गोष्ट आहे. जून १९४० मध्ये फॉरवर्ड ब्लॉकचं दुसरं अखिल भारतीय अधिवेशन नागपुरात भरलं होतं, सुभाषबाबू अध्यक्ष. आबाजींचे वडील एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. कामगारांचे पुढारी रुईकर फॉरवर्ड ब्लॉकचे, त्यामुळे मिलमधली बरीच मंडळी गेली, तसे तेही गेले. त्यांना भाषणातलं फारसं काही आठवत नसे म्हणे, पण गर्दीत कुणाचा तरी पाय पायावर पडून चप्पल तुटली आणि ते अनवाणी घरी आले, हे ते मरेपर्यंत सांगत. इथून परत गेल्यावर जुलैच्या सुरुवातीलाच सुभाषबाबूंना कलकत्त्यात अटक झाली, आणि जानेवारी १९४१ मध्ये ते घरातून निसटले ते निसटलेच.

या सरकारात मला नेमकं काय ओढतं, ते एकदा नीट लिहायलाच हवं. २१ ऑक्टोबर १९४३, सिंगापूर, कॅथे थिएटर. हातात जमिनीचा तुकडा नसताना एक माणूस सरकार स्थापन करतो आणि दोनतीन दिवसांत ब्रिटन-अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारतो. मलायातल्या रबराच्या मळ्यांवर राबणारे तमिळ मजूर, ज्यांच्या कित्येक मुलांनी हिंदुस्थान डोळ्यांनी पाहिलाही नव्हता, ते त्या न पाहिलेल्या देशासाठी पैसा देतात, दागिने देतात. मळ्यांवरच्या मुली झाशीची राणी रेजिमेंटमध्ये भरती होऊन बंदूक चालवायला शिकतात. हे वाचताना आजही अंगावर काटा येतो आणि तो येतच राहावा असं मला वाटतं. लाल किल्ल्यातल्या खटल्यात आझाद हिंद सेनेचे सहगल, धिल्लाँ आणि शाहनवाज एकाच पिंजऱ्यात उभे होते, तेव्हा अख्खा देश त्यांच्या पाठीशी होता. तो काही भाबडेपणा नव्हता.

पण त्या सरकारला मान्यता देणाऱ्या नऊ देशांची यादी मी पहिल्यांदा वाचली, तेव्हा पेन्सिल थांबली होती. जर्मनी, जपान. मग क्रोएशिया, मांचुकुओ, नानकिंगचं सरकार. दुसऱ्याच्या संगिनींवर तोललेली राज्यं. मी तेव्हा पान उलटलं. युद्धात हात मागायला कुणाकडे जायचं हे गुलामाला निवडता येत नाही, असं स्वतःला सांगितलं. हे मला अजूनही पटतं. पण पान उलटायची सवय मला तिथेच लागली.

अंदमानचं प्रकरण लिहिताना मी तेच केलं. झेंडावंदनाची सहा पानं लिहिली, मनापासून. बेटांना शहीद आणि स्वराज ही नावं. आणि तळटिपेत, दहाच्या टाइपात, दोन ओळी: "याच काळात लीगच्या पोर्ट ब्लेअर शाखेचे अध्यक्ष डॉ. दिवाणसिंग यांचा सेल्युलर जेलमध्ये छळ होऊन मृत्यू झाला."

माझ्या गाइड मॅडमनी चॅप्टर परत दिला तेव्हा बाकी सगळं कोरं. फक्त त्या तळटिपेभोवती पेन्सिलचं वर्तुळ आणि बाजूला एक शब्द, "खाली?"

दिवाणसिंग डॉक्टर होते, पंजाबीत कविता करायचे. लोकांनी त्यांच्या नावाला 'कालेपानी' जोडलं ते कायमचं. मार्च १९४२ मध्ये जपानी आले, आणि बेटावरचे लोक या डॉक्टरकडे धावू लागले, कारण जपान्यांपुढे बोलेल असा माणूस तोच होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये जपान्यांनी त्यांनाच हेर म्हणून पकडलं. सिंगापुरात सरकारची घोषणा झाली तोच महिना. पुढचे अडीच-तीन महिने सेल्युलर जेलमध्ये मारहाण. १४ जानेवारी १९४४ ला ते गेले. २९ डिसेंबरला नेताजी पोर्ट ब्लेअरला उतरले आणि वर्ष संपेपर्यंत तिथे होते. म्हणजे झेंडा वर जात होता तेव्हा लीगचा स्थानिक अध्यक्ष त्याच गावातल्या कोठडीत जिवंत होता. शपथविधी, मान्यता, घोषणा यांच्या इतक्या तारखा मला तोंडपाठ, पण या दोन तारखा मी कधी शेजारी ठेवून पाहिल्याच नव्हत्या.

बेटं "आपल्या सरकारकडे सोपवली" म्हणजे काय, तेही आता कळतंय. नेताजींनी कर्नल लोगनाथन यांना चीफ कमिशनर म्हणून पाठवलं. जपान्यांनी पोलीस खातं हातचं सोडलं नाही. पोलीस नाहीत तर बाकीची खाती घेऊन करायचं काय, म्हणून लोगनाथन यांच्या हाती उरलं ते शिक्षण खातं. हेर शोधायची मोहीम, अटका, तुरुंग सगळं जपान्यांकडे.

मागच्या वर्षी मावसबहीण लग्नानंतर अंदमानला जाऊन आली. हॅवलॉक बेटाचं नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे. तिने निळ्या पाण्यातले फोटो पाठवले होते. आता मला माहीत आहे की ऑगस्ट १९४५ मध्ये, अन्न पुरेनासं झालं तेव्हा, पोर्ट ब्लेअरमधल्या शेकडो लोकांना जपान्यांनी बोटींत भरून याच हॅवलॉककडे नेलं आणि किनाऱ्याजवळ समुद्रात ढकललं. जे पोहून वर आले ते भुकेने मेले. सौदागर नावाचा माणूस वाचला, म्हणून हे कळलं तरी. बहिणीला मी यातलं काही सांगितलेलं नाही.

आबाजींना सांगितलं. २३ तारखेला, हार घालून झाल्यावर. ते खुर्चीत बसले होते, हाताला झेंडूचा वास. "काय लिहून राहिली वं एवढं?" म्हणाले, आणि माझ्याने राहवलं नाही. दिवाणसिंगांपासून हम्फ्रेगंजपर्यंत सगळं सांगितलं.

"सुभाषबाबूनं केलं हे?"

"नाही आबाजी, जपान्यांनी."

"मंग त्यायले काहून नाही दिसलं?"

मी म्हटलं, जपान्यांनी त्यांच्याभोवती गराडा ठेवला होता, गावातल्या माणसांना मोकळेपणी जवळ जाऊच दिलं नाही. आबाजी काही बोलले नाहीत. दुपारी जेवले नाहीत, आई माझ्यावर चिडली. म्हाताऱ्या माणसाला कशाला सांगायचं हे, म्हणाली. आठवडाभर मलाही तेच वाटत होतं. फोटोसमोर दिवा लागत होता, पण आबाजी त्या बाजूला बघणं टाळताहेत असा मला भास व्हायचा.

आज संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन माजघरात बसले होते. तळटीप वर आणायचं काम चाललं होतं. सोपं नाही ते. झेंडा आणि कोठडी एकाच परिच्छेदात आली की माझी सहा पानं मोडतात, वाक्यांचा सगळा डौल जातो. मी "अभिमानास्पद क्षण" असं लिहिलं होतं, ते खोडलं. मग परत लिहिलं, कारण त्या मैदानावर उभ्या असलेल्या माणसांना तो तसाच वाटला असणार, आणि ते खोडायचा हक्क मला नाही. आता तो शब्द आहे, आणि पुढच्याच ओळीत दिवाणसिंग आहेत.

आबाजी काठी टेकत आले, शेजारी बसले.

"त्या डॉक्टरचं नाव काय सांगितलं होतं तू?"

"दिवाणसिंग."

"वाच बरं तेवढं. हळू वाच."

वाचलं. त्यांनी डावा कान माझ्याकडे केला होता, उजव्याने ऐकू येत नाही. संपल्यावर त्यांनी विचारलं की त्याला मुलंबाळं होती का. होती, म्हटलं. मग बराच वेळ ते पंच्याने चष्मा पुसत बसले आणि उठताना म्हणाले, "मोठ्या अक्षरात लिहिजो."

सोमवारी मॅडमना चॅप्टर द्यायचाय. लोगनाथन यांचा भाग अजून अर्धाच झालाय.