जुना ठराव पुन्हा सभेत आणताना : माझा अनुभव

सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीत जमिनीखालची टाकी एकच, ती दोन दिवसांत तळाला जाते. मग टँकर. दुसरी टाकी बांधा म्हटलं की ठरलेलं उत्तर, "तो विषय कधीच संपलाय."

संपला म्हणजे कसा, ते आधी बघायचं ठरवलं. सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं, म्हणजे सभेत काय ठरलं त्याच्या लेखी नोंदी, सभासदाला विनाशुल्क पाहता येतात. सचिवांनी कुरकुरत का होईना, कपाट उघडलं. २०१७ च्या वहीत ठराव होता : दुसरी टाकी बांधू नये, गरजेप्रमाणे टँकर मागवावा. खाली कारणही होतं. खर्च सगळ्यांवर सारखा टाकायचा म्हणून तळमजल्यावरचे दुकानवाले अडले होते. टाकीच नको, असं कुणी म्हटलेलंच नव्हतं!

आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, आधीचा ठराव बदलायचा तर त्याला सहा महिने उलटलेले हवेत. इथं वर्षं गेली होती. प्रश्न माणसांचा होता. तेव्हा टाकीसाठी भांडलेले काका तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांना न विचारता त्यांचाच विषय मी मांडणं बरं दिसलं नसतं. मी भेटायला गेले, तर काका म्हणाले, "जुनी मढी कशाला उकरायलीस गं? तेव्हा लोकांची बोलाचाल बंद झाली होती." पण चहा येईपर्यंत स्वतःच आतून फाईल घेऊन आले. कोटेशनं, टाकीचा नकाशा, सगळं रबर लावून ठेवलेलं.

असा विषय 'आयत्या वेळचे विषय' यात, म्हणजे नोटिशीत नसलेल्या, सभेच्या शेवटी येणाऱ्या विषयांत घुसवू नये. तिथवर येईस्तोवर निम्मे लोक घरी पोचलेले असतात आणि उरलेल्यांना आपल्याला गाफील पकडलं असं वाटतं. वार्षिक सभेची नोटीस चौदा दिवस आधी निघते, म्हणून त्याआधीच सचिवांना पत्र दिलं. त्यात जुन्या ठरावाचा क्रमांक, तारीख, टँकरवरचा खर्च (आपल्याच हिशेबपत्रकांतला) आणि नवी गोष्ट एकच : पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आणि आकारावर वाटतो, तसाच टाकीचा खर्च वाटावा. २०१७ ला कोण काय बोललं, याचा एक शब्द नाही.

सभेला गणपूर्ती, म्हणजे लागते तेवढी किमान हजेरी, होता होता वाट बघायचा अर्धा तास संपत आला होता. विषय निघताच एक दुकानवाले उठले, "तेव्हा मला काय काय बोलले, ते विसरलो नाही मी." अध्यक्ष म्हणाले, "त्या सभेचं इतिवृत्त कायम झालंय, आज वाटपावर बोला." मग ते वाटपावरच बोलले, आणि बरंच बोलले. दुकानात एकच नळ, तर आकार कसा मोजणार, हा त्यांचा मुद्दा रास्त होता. ते काम प्लंबरवर सोपवून तसं ठरावात लिहिलं.

ठराव मंजूर झाला. सूचक काका, अनुमोदक मी. दोघांनी विरोध केला, तो त्यांच्या नावानिशी नोंदवून घेतला.