पायाभरणीची माती

नव्या पालिका इमारतीच्या पायाभरणीचं काम माझ्या गळ्यात पडलं तेव्हा वाटलं, मंडप, माइक, खुर्च्या. दोन दिवसांत उरकेल.

जागेवर गेलो तर जुना वाहनतळ. वर्षानुवर्षं गाड्यांनी दाबलेली जमीन. कुदळ मारून पाहिली. ठण्ण आवाज आला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या. अभियंता हसले. "साहेब, खोदायला पोकलेन येणार. पाहुण्यांसाठी माती बाहेरून आणायची."

म्हणजे आम्ही जमिनीवर फळ्यांची चौकट ठोकून त्यात भुसभुशीत, चाळलेली माती भरली. वीतभर उंचीचा वाफाच तो. एकदा स्वतः फावडं घालून पाहिलं. पाहुण्यांचं फावडं पहिल्याच घावाला अडलं, तर फोटोत तेवढंच दिसतं.

खरी धास्ती बसली ती मंडपाने. जमिनीखालच्या वाहिन्यांची रंगाने आखणी करून घेतली होती, पण ती खोदकामासाठी. मंडपवाल्याला कुणी सांगितलंच नाही. तो हातभर लांबीची लोखंडी खुंटी ठोकायला बसला, नेमका जलवाहिनीच्या निळ्या रेघेवर. ओरडत धावलो. मग खुंट्या रद्द, दोर वाळूच्या पोत्यांना बांधले.

नावांचा घोळ सांगत नाही. कोनशिलेचा मजकूर पाच वेळा बदलला, शेवटच्या वेळी फक्त एका वेलांटीसाठी.

आदल्या रात्री पाऊस. ताडपत्री वाऱ्याने सरकली आणि वाफ्याचा एक कोपरा चिखल झाला. पहाटे दोघांनी घमेल्याने तो उपसला, कोरडी माती टाकली. फावडी आठ, मान्यवर बारा. दोन फेऱ्या केल्या. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

कोनशिला तात्पुरत्या विटांच्या चौथऱ्यावर होती, कारण तिथेच पुढे पाया खणायचा होता. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९३ साली बसवलेली तिथल्या कॅपिटॉलची, म्हणजे संसद भवनाची, कोनशिला नेमकी कुठे आहे, हे अजून सापडलेलं नाही म्हणे. त्या धसक्याने मी आमची शिला भांडारात ठेवून रीतसर पावती घेतली आणि ती प्रवेशद्वाराच्या कुठल्या भिंतीत बसणार, हे नकाशावर खूण करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराचा फोन. "साहेब, तो वाफा मधेच येतोय. माती कुठे टाकू?"